एकाच पावसातले दोघे

एलियट अर्विट यांचं १९७४ सालचं न्यूयॉर्कमधलं एक कृष्णधवल छायाचित्र जगभर ठाऊक आहे. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला. चौकटीत एका बाईचे उंच बूट, त्यांच्या जोडीला एका ग्रेट डेनचे पुढचे दोन लांबच लांब पाय, आणि या सगळ्यांपुढे टीचभर दिसणारा एक चिवावा. बाई आणि ग्रेट डेन दोघंही चौकटीच्या वर निघून गेलेत. पूर्ण दिसतो तो एकटा चिवावा. अंगात कोट, डोक्यावर विणलेली टोपी, आणि नजर थेट भिंगावर. चित्र काढलं होतं बुटांच्या जाहिरातीसाठी. त्याआधी कितीतरी वर्षं, १९४६ मध्ये, अर्विट यांनी न्यूयॉर्कमध्येच सँडल घातलेल्या बाईच्या पायांशी उभा असलेला, स्वेटर घातलेला असाच एक चिवावा टिपला होता. कुत्रा आणि माणूस दोघंही अंगावर काहीतरी चढवून उभे आहेत, अशा फोटोंचा आज सुकाळ आहे. तरी १९७४ च्या त्या चित्रातली एक गोष्ट आजच्या बहुतेक जोडीच्या फोटोंत मिळत नाही. कृष्णधवल चौकटीत रंग जुळतो की नाही हे पाहायला कोणी जात नाही. जुळते ती थंडी. बाईने थंडीसाठी बूट चढवले आहेत, त्या एवढ्याशा जिवाने टोपी घातली आहे, आणि दोघं एकाच फुटपाथवर, एकाच हवेत उभे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रा आणि त्याचा माणूस यांच्या जोडीच्या कपड्यांतल्या फोटोशूटची आखणी या हवेपासून सुरू झाली पाहिजे. सध्या ती दुसऱ्याच टोकाकडून सुरू होते. आधी मालकाचं जॅकेट ठरतं, मग त्याच कापडातलं, त्याच छटेतलं काहीतरी कुत्र्याच्या मापात शोधलं जातं, मग त्या रंगाला उठाव देणारी जागा, मग फोटोग्राफरची तारीख. कुत्र्याला ते अंगावर सोसेल का, त्या दिवशी त्याची गरज आहे का, हा विचार सगळ्यात शेवटी येतो, आणि पुष्कळदा कोट अंगावर चढल्यानंतर येतो. हा क्रम उलटा करावा. आधी ऋतू आणि वेळ, मग कुत्र्याचं शरीर, मग त्याचा कोट, आणि या तिन्हींतून जे ठरेल त्याला माणसाने आपला पेहराव जुळवून घ्यावा. माणूस कोणत्याही रंगात, कोणत्याही कापडात तासभर सहज उभा राहू शकतो. कुत्र्याला ते जमत नाही. ज्याला पर्याय कमी, त्याच्यापासून आखणीची सुरुवात व्हावी, हे तर आपण घरातल्या कार्यातही पाळतो.

आता शरीराचं पाहू. कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा थोडं जास्तच. घाम येणाऱ्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गादीत असतात आणि अंग थंड ठेवायला त्या फारशा उपयोगी पडत नाहीत. धापा टाकणं, जीभ बाहेर काढून तोंडातला ओलावा उडू देणं, हाच त्याचा मुख्य उपाय. हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट आणि वरचा राठ. त्यावर आणखी कोट चढवणं म्हणजे रजई पांघरलेल्याला दुसरी रजई देणं. उलट ग्रेहाउंड, व्हिपेट, चिवावा, आपल्याकडचे कारवानी आणि मुधोळ यांचे केस आखूड, कातडी पातळ आणि अंगावर चरबी नावापुरती. ब्रिटनमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक घरी आणतात आणि हिवाळ्यात त्यांना कोट घालूनच बाहेर काढतात, ते लाडापोटी नव्हे. त्याच देशात साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी १८९४ मध्ये सुरू झालेली बार्बर ही कंपनी मेणकापडाची जॅकेटं करते. समुद्रावरच्या आणि गोदीतल्या माणसांसाठी सुरू झालेल्या या कंपनीच्या मालात आज कुत्र्यांचे कोटही असतात. त्या गारठ्यात, भुरभुर पावसात दोघांच्या अंगावर एकाच जातीचं कापड दिसलं तर ते डोळ्यांना पटतं, कारण दोन्ही कापडं एकच काम करत असतात.

मुंबईत मात्र डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या आसपास असतो. त्या दुपारी कृत्रिम बर्फ आणि कागदी झाडं मांडलेल्या खोलीत, दिव्यांच्या झोतात, पगला लोकरी जॅकेट घालून बसवलं जातं. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. धापा टाकून अंग थंड करण्याची ताकद इतर कुत्र्यांपेक्षा कमी. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने हा कुत्रा आपल्याकडे घराघरांत पोचवला. त्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागे मागे नुसता चालतो. दोघांची जोडी दिसते ती त्या चालीतून. जॅकेटातला पग मात्र जीभ बाहेर काढतो, तोंडाचे कोपरे मागे ओढले जातात, आणि फोटोखाली लिहिलं जातं की बघा, किती खूश आहे. उकाड्याने टाकलेल्या धापा आणि हसू यांत कॅमेरा फरक करत नाही. तो फरक करणं हे आखणी करणाऱ्याचं काम आहे आणि ते फोटो काढण्याआधी करायचं असतं.

याहून फसवी गोष्ट म्हणजे स्तब्धता. अंगावर पहिल्यांदा कोट चढला की पुष्कळ कुत्रे थिजतात. चारही पाय रोवलेले, मान जराशी खाली, शेपटी पडलेली, नजर कुठेतरी बाजूला. एरवी क्षणभर एका जागी न ठरणारं जनावर असं पुतळ्यासारखं उभं राहिलं की फोटोग्राफरला हायसं वाटतं, मालकाला ते शहाणपण वाटतं. ती आज्ञाधारकता नसते. हलता येणार नाही असं वाटल्यामुळे त्याने हालचाल सोडून दिलेली असते. नॉर्वेच्या प्रशिक्षिका तुरीद रुगास यांनी कुत्र्यांच्या ज्या बारीकसारीक खुणांकडे लोकांचं लक्ष वेधलं, त्या इथे हमखास दिसतात: खायला काही समोर नसताना नाकावरून फिरलेली जीभ, झोप नसताना आलेली जांभई, वळवलेली मान. डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागला की अस्वस्थता बरीच वाढलेली असते. आणि इथे आपला स्वतःचा डोळाही आपल्याला साथ देत नाही. जुलियान कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला घडलेला असतो, तर लांडग्यांत तो जेमतेमच असतो. माणसाच्या सहवासात कुत्र्याचा चेहराच बदलला, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या उचललेल्या भुवईने आपण विरघळतो. म्हणून कोटात अवघडलेला कुत्रा आपल्याला गोड दिसतो, आणि गोड दिसतोय म्हणून आणखी पाच फोटो निघतात.

यावर सरळ विचारलं जातं की दहा मिनिटांनी असा काय फरक पडतो? लसीचं इंजेक्शन, नखं कापणं, आंघोळ, हे तरी त्याला कुठे आवडतं? फरक असा की त्या गोष्टी त्याच्यासाठी केल्या जातात आणि फोटो आपल्यासाठी काढला जातो. आपल्यासाठी काही मागायचं तर निदान त्याच्या गतीने मागावं. शिवाय ती दहा मिनिटं नसतातच. एका कोटाची गोष्ट बारकाईने पाहा. पोटाखाली आणि छातीवर वेल्क्रोच्या पट्ट्या. त्या उघडताना जो चर्र आवाज होतो, तो कुत्र्याच्या अगदी कानाजवळ. कापडाला कारखान्याचा वास. पुढच्या पायांची भोकं आखूड कापलेली असली तर दर पावलाला काख घासते. खांदा पुढे येत नाही, म्हणून चाल बदलते. पाठीची लांबी मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत, छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, आणि मानेचा घेर, अशी तीन मापं नीट घेऊन शिवलेला कोटसुद्धा आधी काही दिवस नुसता त्याच्या अंथरुणाशेजारी पडून राहावा लागतो. मग तो पाठीवर टाकून खाऊ, मग एक पट्टी लावून खाऊ, मग कोट घालून घरात चार पावलं. शूटच्या तारखेआधी दोन-तीन आठवडे यात जातात. ज्याला इतका वेळ द्यायचा नाही, त्याने गळ्याभोवती जुळणारा रुमाल बांधावा. तोही फोटोत सुरेख दिसतो.

रंग जुळवण्याची हौस पूर्णपणे माणसाची आहे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यात तीन. जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रयोगाने हे दाखवलं. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, तांबडा आणि हिरवा यांतला फरक जवळपास पुसला जातो. हिरव्यागार डोंगरउतारावर तांबडी जॅकेटं घातलेली जोडी आपल्याला दुरूनही उठून दिसते. कुत्र्याला त्याचा माणूस त्या उतारात मिसळलेला दिसतो आणि तो त्याला वासाने, आवाजाने आणि चालीने ओळखतो. मला या माहितीतून हौसेची निंदा करायची नाही. सुंदर चित्राची ओढ खरी आहे. फक्त, ज्या गोष्टीत कुत्र्याला काडीचंही स्वारस्य नाही तिच्यासाठी त्याने त्रास सोसावा असं म्हणता येत नाही, एवढं यातून निघतं. निळा रंग निवडला तर निदान हिरव्या गवतावर तुम्ही त्यालाही वेगळे दिसाल. आणि काळ्या लॅब्रॅडॉरला काळा कोट घालू नये. पाठ कुठे संपते, कोट कुठे सुरू होतो हे कळत नाही, आणि एक्सपोजर वाढवावं तर माणसाचा चेहरा उजळून जातो.

सगळ्यात वजनदार आक्षेप विल्यम वेगमन यांच्या नावाने घेता येतो. या अमेरिकन कलावंताने १९७० च्या दशकापासून आपल्या वायमरानर कुत्र्यांची चित्रं काढली. मॅन रे नावाचा पहिला कुत्रा १९८२ मध्ये गेला, मग फे रे आली, पुढे तिची पिल्लं आणि त्यांची पिल्लं. वीस बाय चोवीस इंचांचा फोटो देणाऱ्या अवाढव्य पोलरॉइड कॅमेऱ्यापुढे या कुत्र्यांनी झगे, कोट, टोप्या, विग सारं काही घातलं. स्टुलावर बसलेला कुत्रा आणि त्याच्या मागे लपलेल्या माणसाचे बाह्यांतून बाहेर आलेले हात, अशी त्यांची कितीतरी चित्रं आहेत. हवेचा आणि त्या कपड्यांचा काहीही संबंध नव्हता. मग ती चित्रं खोटी म्हणायची का? मला ती फार मोलाची वाटतात. पण वेगमन यांची चित्रं नाटकाच्या जातीची आहेत. त्यांतला कुत्रा पात्र असतो आणि पाहणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं. शिवाय पिल्लू असल्यापासून त्याच माणसाबरोबर, त्याच कामात वाढलेले ते कुत्रे होते. रोजचा सराव हाच त्यांचा संसार होता. जोडीच्या कोटातला कौटुंबिक फोटो वेगळी गोष्ट सांगू पाहतो. तो म्हणतो, आम्ही दोघं असे आहोत, आमचं असं चालतं. ते व्यक्तिचित्र आहे, आणि व्यक्तिचित्राला खरेपणाची जास्त कडक कसोटी लावावी लागते. कुत्रा अवघडलेला असेल तर ‘आम्ही दोघं’ हे विधानच कोसळतं, मग रंग कितीही जुळोत.

दोघांतलं साम्य दाखवायचं तर ते चेहऱ्यात आधीच असतं, असं संशोधन सांगतं. २००४ मध्ये मायकेल रॉय आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी ४५ कुत्रे आणि त्यांचे मालक यांचे वेगवेगळे फोटो अनोळखी लोकांना दाखवले. २५ शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी १६ कुत्र्यांचे मालक बरोबर ओळखले गेले. संकरित कुत्र्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. सहवासाची वर्षं आणि साम्य यांचा संबंध आढळला नाही, म्हणजे माणूस निवडतानाच आपल्यासारखा कुत्रा निवडत असावा. पुढे जपानमध्ये सादाहिको नाकाजिमा यांनी २०१३ मध्ये हे साम्य डोळ्यांच्या भागात असल्याचं दाखवलं; तोंड झाकलं तरी लोक जोड्या ओळखत, डोळे झाकले की ओळखता येत नसत. आखणी करणाऱ्यासाठी यातून एक नेमकी सूचना मिळते: कुत्र्याच्या डोक्यावर टोपडं नको. ते डोळ्यांवर येतं, कान दाबतं, आणि जे दाखवायचं तेच झाकतं. चिवाव्याला थंडीत टोपीची गरज असेल, लोणावळ्याच्या पावसात ती कुणालाच नाही.

माणसाने कुत्र्याला जुळवून घ्यावं ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. कोटंबा या भिक्षापात्रातलं अन्न कुत्र्यासारखं खाण्याची, भुंकण्याची रीत त्या परंपरेत आहे. तो भक्तीचा विधी आहे आणि फोटोशूटशी त्याची बरोबरी करणं योग्य होणार नाही. पण त्यात रूप घेणारा माणूस असतो, हे लक्षात घेण्याजोगं आहे. कुत्र्याला माणसाचं रूप देण्याची घाई तिथे कुणालाच नसते.

आपल्याकडे दोघांना एकच वस्त्र शोभेल असा ऋतू एकच, पावसाळा. जून ते सप्टेंबर. इथे अंगावर काही चढवण्याला अर्थ आहे. भिजलेले केस वाळत नाहीत, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते, गोचीड वाढतात. लॅब्रॅडॉरचे केस तेलकट आणि दुहेरी, त्यावरून पाणी बरंचसं ओघळून जातं. कारवानीला मात्र रिमझिमीतही हुडहुडी भरते. म्हणून रेनकोट कारवानीला आधी. पावसाळी उजेड मऊ, सर्वत्र सारखा. फ्लॅश लागत नाही, आणि लावूही नये, कारण रेनकोटावरच्या चमकत्या पट्ट्या पांढऱ्याफटक उमटतात आणि कुत्राही दचकतो. लांब पल्ल्याची लेन्स घेऊन फोटोग्राफरने दूर, गुडघ्यांवर बसावं. जोडी चालत यावी. रविवारचा घाट टाळावा, तिथल्या गाड्यांच्या आणि स्पीकरच्या गोंगाटात माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. साचलेलं पाणी टाळावं, लेप्टोस्पायरोसिसची लस टोचलेली असली तरी. प्लॅस्टिकचा कोट चुरचुरतो, कापडी बरा. कुत्र्याचा रेनकोट आधी शिवून घ्यावा आणि त्याच कापडातून माणसाच्या रेनकोटाची कॉलर किंवा बाह्यांची कड करावी. एवढी जुळणी डोळ्याला पुरते. आणि रेनकोटाचाच हट्ट कशाला? घोंगडी हे आपलं जुनं पावसाळी वस्त्र आहे. माणूस खोळ करून बसला आहे आणि कडेखाली कुत्रा येऊन टेकला आहे, यात दोन कोटही लागत नाहीत. तो स्वतः येऊन टेकला तरच, अर्थात.

मग रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, ते भिजतातच ना, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मात्र गल्लीतला कुत्रा रेनकोट मागत नाही. तो कुणी न घातलेला बरा, कारण ओला कोट काढायला रात्री कुणी येत नाही आणि त्याखाली कातडी नासते. त्याला जिन्याखालची कोरडी जागा हवी असते आणि तिथून हुसकावणारं माणूस नको असतं. घरच्या कुत्र्याचा कोट आणि त्याची कोरडी जागा यांत स्पर्धा लावण्याचं कारण नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायचा, या शरीराला या हवेत काय लागतं. टोरोंटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरात त्याचं उत्तर बदलतं. तिथे जानेवारीत आखूड केसांच्या कुत्र्याला कोट हवाच, आणि फुटपाथवर टाकलेल्या मिठाने पंजे चरचरतात म्हणून बूटही.

एक गोष्ट मात्र शूटच्या आधी फोटोग्राफर आणि मालक यांनी लिहून ठरवावी असं मला मनापासून वाटतं. कुत्र्याने कोट नाकारला, तर शूट कोटाशिवाय होईल आणि मानधन तेवढंच राहील. हे ठरलेलं नसलं की दोघंही अडकतात. मालकाला पैसे वाया जाताना दिसतात, फोटोग्राफरला कबूल केलेलं चित्र हातून निसटताना दिसतं, आणि सगळा भार कुत्र्यावर येतो. आणखी एक बिस्किट, आणखी एकदा पट्टी घट्ट, आणखी एकदा ‘बस’. आधीच ठरलेलं असलं तर कोट बाजूला ठेवणं ही पाच सेकंदांची गोष्ट होते. मालकाने आपलंही जॅकेट उतरवावं, म्हणजे जोड तशीच राहते, आणि काम पुढे सुरू करावं.